वहिनींना भाजी निवडू द्या

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नंदनवनला राहतो. वय ५८. इतवारीत कापडाच्या दुकानात तीस वर्षं सेल्समन होतो. मागच्या वर्षी जानेवारीत बायकोला लकव्याचा मोठा झटका आला. तिचं वय ५१. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. अकरा दिवस आयसीयूत होती. आता काठी धरून, मी बाजूला असलो तर, घरातल्या घरात चालते. उजव्या हाताची मूठ वळलेलीच राहते. तोंडातून एकच शब्द निघतो, ‘देवा’. पाणी पाहिजे तरी देवा, राग आला तरी देवा.

आधी ती घरून डबे चालवायची. बावीस पोट्टे तिच्या हातचं जेवायचे. आता मी दुकान सोडलं, स्वयंपाक मीच करतो. तिला काहीच करू देत नाही, भरवतोही मीच. तरी मागच्या आठवड्यात वरण-भात भरवताना तिने ताट भिरकावलं. परवा वांग्याची भाजी टाकून मी कपडे वाळत घालायला गेलो, तर ही डाव्या हाताने टेबल बडवून राहिली, देवा, देवा. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. येऊन पाहतो तर भाजी खाली लागलेली.

डॉक्टर म्हणाले होते, जे सुधारायचं ते सहा महिन्यांत. आता चौदा महिने झाले. फिजिओचे रोजचे चारशे रुपये जातात. बंद करू काय? साळा म्हणतो कबुतराच्या रक्ताने मालिश करा. कोणी म्हणतं लकवा बरा व्हायला राजस्थानात बुटाटीच्या देवळात नेऊन आणा. मुलगी पुण्याला आहे, ती नोकरी सोडून येतो म्हणते.

एक गोष्ट कोणालाच सांगितली नाही. त्या दिवशी सकाळी ती म्हणाली होती, हात जड वाटते. मी म्हटलं पित्त असेल, पडून राहा थोडी. आणि दुकानात निघून गेलो. दुपारी शेजारणीचा फोन आला.

– एक वाचक, नागपूर

*

भाऊ,

वांग्याची भाजी खाली लागत होती, आणि ते घरात सगळ्यांत आधी वहिनींना कळलं. बसल्या जागेवरून, नुसत्या वासावरून. वास आला, तो कशाचा हे ओळखलं, तुम्ही गॅसपाशी नाही हे ध्यानात आलं, हाक मारायला शब्द नाही म्हणून टेबल बडवायचं सुचलं, आणि तुम्ही येईपर्यंत त्या बडवत राहिल्या. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाला एवढं जमत नाही. बावीस डब्यांचा स्वयंपाक ज्या डोक्याने चालायचा, ते डोकं जाग्यावर आहे.

त्यांना जे झालंय त्याला वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि उजवं अंगही तीच बाजू चालवते. म्हणून उजवा हात-पाय आणि वाचा असं दोन्ही एकदम जातं. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी असाच एक रुग्ण तपासला होता. वर्षानुवर्षं त्या माणसाच्या तोंडून ‘तान’ एवढाच आवाज निघे. प्रश्न समजायचा, उत्तर हातवाऱ्यांनी द्यायचा, समोरच्याला कळलं नाही की चिडायचा. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला निघाला. वहिनींचा ‘देवा’ हा त्यातलाच प्रकार आहे. त्या पाणी म्हणायला जातात आणि तोंडातून देवा बाहेर पडतं. नीट ऐकाल तर प्रत्येक देवाचा सूर वेगळा लागेल. एका आठवड्यात तुम्हाला पाण्याचा देवा आणि रागाचा देवा वेगळे ओळखता येतील, इतकी वर्षं संसार केलाय तुम्ही.

लांब वाक्य, दोघं-तिघं एकदम बोलणं, मागे टीव्ही सुरू, अशा वेळी त्यांना समजायलाही जड जात असेल. म्हणून समोर बसून, एका वेळी एकच गोष्ट, आपल्या नेहमीच्या आवाजात बोला. मोठ्याने बोलू नका, त्या बहिऱ्या झालेल्या नाहीत. लहान मुलाशी बोलतात तसं तर मुळीच बोलू नका.

आता ताटाचं. तुम्ही लिहिलंय, ‘तिला काहीच करू देत नाही, भरवतोही मीच.’ पुढच्याच वाक्यात ताट भिरकावल्याचं लिहिलंय. भाऊ, ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून परत वाचा. ज्या बाईने वर्षानुवर्षं लोकांना वाढलं, तिचा डावा हात धडधाकट असताना चौदा महिने तिला कोणीतरी घास भरवतंय. तुम्ही हे किती मायेने केलं ते मला कळतं. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत ते लागतच होतं, तुम्ही नसता तर त्या जगल्या नसत्या. पण आता त्या त्यापुढे गेल्यात आणि तुमची सेवा अजून तिथेच थांबलीय. आम्हीही नेमकी हीच चूक केली होती. माझ्या आईला झटका आला तेव्हा आम्ही तिघी बहिणी तिच्याभोवती अशा गोळा झालो की तिला नाकावरची माशी हाकलायची संधी मिळाली नाही. आणि तिला लवकर उठवायच्या घाईत मीच तिचा अधू हात धरून ओढला. लकव्याने सैल पडलेला खांदा असा ओढला की सांध्यातून खाली सरकतो. तिचा खांदा पुढे वर्षभर ठणकत होता. म्हणून आधीच सांगते, वहिनींना उठवताना हाताला धरू नका, काखेत हात घालूनही उचलू नका. कमरेला पट्टा किंवा घट्ट बांधलेला दुपट्टा असेल तर तो धरा, आणि त्यांना पुढे झुकून स्वतः उठू द्या. बसलेल्या असताना अधू हाताखाली उशी असू द्या, लटकता ठेवू नका.

आजपासून तुम्ही थांबायला शिका. सगळ्यांत अवघड तेच आहे. त्या घास उचलायला गेल्या, हात थरथरला, वरण सांडलं, तर तुमचा हात आपोआप पुढे जाईल. तो मांडीखाली दाबून ठेवा. प्रश्न विचारलात तर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, मगच पुढचं बोला. शब्द त्यांच्या ओठांवर येत असेल तर तो तुम्ही पुरा करू नका. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. पण शेजारचे भाग ते काम थोडं थोडं शिकतात, आणि ते शिकतात फक्त केल्याने. तुम्ही केलेल्या कामाने तुमचा मेंदू शिकतो, त्यांचा नाही.

जेवणापासून सुरुवात करा. काठ असलेलं ताट घ्या, त्याखाली ओलं फडकं घाला म्हणजे ते सरकणार नाही. चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा, पट्ट्या कशा गुंडाळायच्या हे तुम्हाला मी काय सांगू. पाठ सरळ, पाय जमिनीवर टेकलेले, घास छोटा. गिळताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओला-घोगरा होतो का, तेही बघा. तसं असेल तर पातळ पाणी-चहासुद्धा श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि ते डॉक्टरांना लगेच सांगायला हवं. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

मग स्वयंपाकघर. त्यांचा व्यायामशाळेतला व्यायाम तुम्ही चारशे रुपये देऊन करून घेता, आणि जिथे त्यांचा जीव आहे ती खोली तुम्ही त्यांना बंद केलीय! तांदूळ निवडायला ताटात घेऊन द्या. डाव्या हाताने खडे काढतील, वळलेली उजवी मूठ ताटाच्या काठावर वजनासारखी ठेवायची. तिचंही काम झालं, आणि मेंदूला ती बाजू आपली आहे ही आठवणही राहिली. मेथी खुडणं, लसूण वेगळा करणं, कणकेचे गोळे करणं, डाव्या हाताने उजवा हात धरून दोन्हींनी कणीक दाबणं. लाकडी पाटावर खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून त्यांची टोकं वर काढली की त्यावर बटाटा किंवा वांगं रोवून एका हाताने चिरता येतं. सुतार पाच मिनिटांत करून देईल. सुरी हातात देताना पहिले काही दिवस तुम्ही समोर बसा. गॅसजवळ मात्र त्या एकट्या नकोत. अधू हाताला चटका लागलेला कळेलच असं नाही, हे फार महत्त्वाचं आहे. अंघोळीचं पाणीसुद्धा त्यांच्या डाव्या हाताने तपासून घ्या.

आणि मीठ किती घालायचं हे त्यांना विचारा. बोटावर घेऊन चव दाखवा. त्या मान हलवतील, नाक मुरडतील, देवा म्हणतील. तेवढं पुरे आहे.

लोकांनाही बोलवायची वेळ झालीय. पहिल्या महिन्यात सगळे पाहायला आले असतील आणि नंतर कमी झाले असतील, असंच होतं. आता त्यांना पाहायला बोलवू नका. शेजारणीला म्हणा, मेथीची जुडी घेऊन या आणि बसा हिच्यासोबत खुडत. वाळवणाचे दिवस आलेत. गल्लीत कुरडया घालतील, मुगवड्या घालतील. वहिनींना खुर्ची टाकून तिथे बसवा. चीक किती शिजला हे बघायला कोणी त्यांच्यापुढे पळी धरली तर त्यांचं मत त्या नक्की सांगतील. फक्त सकाळी आठच्या आत. नागपूरचा उन्हाळा आहे, पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. पाणी कमी पडून रक्त घट्ट होणं त्यांना परवडणार नाही, आणि पाणी मागायला त्यांच्याकडे शब्द नाही. म्हणून दर तासाला पाणी तुम्हीच समोर ठेवायचं. ठसक्याचा त्रास निघाला तर ते कसं द्यायचं हे आधी डॉक्टरांना विचारा.

सहा महिन्यांचं बोलणं मी खूप घरांत ऐकलंय. त्यात अर्धं खरं आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भराभर होते, सहा महिन्यांनंतर ती हळू होते. पण हळू होते, थांबते असं नाही. २००६ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण त्यात होते. चांगला हात मोज्यात बंद ठेवून दोन आठवडे अधू हाताकडूनच कामं करून घेतली, आणि हात सुधारले. ज्या गटाला हाच उपचार वर्षभर उशिरा दिला, त्यांनाही उपयोग झाला. हा उपचार वहिनींसाठी नाही, त्याला मनगट आणि बोटं थोडी तरी उघडावी लागतात. मी तो सांगतेय तो एवढ्यासाठी की सहा महिन्यांनंतर दार बंद होतं, असं नाही. माझी आई तिसऱ्या वर्षीच्या थंडीत काठीवर अंगणातल्या तुळशीपर्यंत गेली आणि परत आली. त्याआधीचं पूर्ण वर्ष आम्हाला वाटत होतं की काहीच होत नाहीये.

त्यांचा उजवा हात पूर्वीसारखा होईल, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. चौदा महिन्यांनी बोटं उघडत नसतील तर तो हात बहुतेक मदतीचा हात म्हणून राहील, दाबून धरणारा, टेकू देणारा. तोही कमी नाही. मूठ रोज हळूहळू उघडून आतून धुवा, कोरडी करा, नखं कापा. घामाने तळवा चिघळतो. फार कडक असेल तर न्यूरॉलॉजिस्टना विचारा, स्नायू सैल करायच्या गोळ्या आणि इंजेक्शनं असतात.

फिजिओ बंद करू नका, कमी करा. रोजच्या ऐवजी आठवड्यातून दोनदा बोलवा आणि त्यांना स्पष्ट सांगा, ‘ही बाथरूमला एकटी गेली पाहिजे, ओट्यापाशी दहा मिनिटं उभी राहिली पाहिजे, त्यासाठी जे लागते ते शिकवा.’ नुसते हात-पाय वर-खाली करून देणाऱ्याला आता पैसे देण्यात अर्थ नाही. मधल्या दिवसांत ते सांगतील तेवढं तुम्ही घरी करून घ्या. मात्र पूर्ण भार स्वतःवर घेऊ नका. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरच्या माणसाला व्यायाम शिकवून घरी करून घ्यायला लावले, तरी सहा महिन्यांनी परावलंबन त्यामुळे कमी झालेलं दिसलं नाही. हे वाचून मला आधी वाईट वाटलं होतं. नंतर वाटलं, हे प्रत्येक घरी जाऊन सांगायला हवं. घरचा माणूस जिवाचं रान करतो आणि तरीही सुधारणा होत नाही, तेव्हा तो स्वतःलाच दोष देतो. तुमच्या कष्टात कमी पडलं म्हणून वहिनी बोलत नाहीत, असं नाही भाऊ. थेरपी शिकलेल्या माणसाचं काम घरच्या माणसाच्या कष्टाने भागत नाही.

तुमच्या पत्रात स्पीच थेरपीचा उल्लेखच नाही. म्हणजे तुम्हाला कोणी सांगितलंच नसणार. हे आपल्याकडे फार होतं, हात-पायाकडे सगळे बघतात आणि वाचेचं ‘येईल आपोआप’ म्हणून सोडून देतात. तुमच्या घरापासून मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, लांब नाही. तिथे ऑक्युपेशनल थेरपीचं कॉलेजच आहे. रोजची कामं एका हाताने कशी करायची हे शिकवणं हाच त्यांचा विषय. स्पीच थेरपीचंही तिथेच विचारा. शिवाय दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं सीआरसी हे पुनर्वसन केंद्रही नागपुरात आहे. त्याच फेरीत यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं, काम हाती घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघाताने आलेलं बोलण्याचं अपंगत्व नाव घेऊन नोंदलेलं आहे, नुसता हात-पाय मोजून घेऊन परत येऊ नका. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की बऱ्याच सवलती लागू होतात.

तोपर्यंत घरी हे करा. हो-नाहीची उत्तरं येतील असे प्रश्न विचारा, किंवा दोन वस्तू समोर धरा. मोबाइलमध्ये भाज्यांचे, कपड्यांचे, माणसांचे, बाथरूमचे, औषधांचे फोटो काढून ठेवा, त्या बोट ठेवतील. संध्याकाळी दिवा लावताना आरती म्हणा आणि एखाद्या ओळीचा शेवटचा शब्द सोडून द्या. वार म्हणा, पाढे म्हणा, एक-दोन-तीन मोजा. ज्यांना ‘पाणी’ म्हणता येत नाही अशी माणसंसुद्धा चालीत अख्खी ओळ म्हणतात. लहानपणापासून पाठ झालेलं आणि सुरात बसलेलं मेंदू वेगळ्या वाटेने काढतो, त्यात उजव्या बाजूचाही हात असतो. वहिनी अशी ओळ म्हणाल्या तर सगळी वाचा आली असं समजू नका, आणि दुसऱ्या दिवशी जमलं नाही तर निराशही होऊ नका. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा रडू येईल, ते येऊ द्या.

त्यांच्या रडण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण विचारते. त्या गप्प बसून राहतात का? झोप लागत नाही, खाणं कमी झालंय, कशातच रस नाही, असं आहे का? झटका आलेल्या साधारण दर तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. ते मेंदूच्या इजेतूनही येतं, नुसतं ‘परिस्थितीमुळे’ नाही. बोलता न येणाऱ्या माणसाचं नैराश्य तर कोणाला ऐकूही येत नाही. न्यूरॉलॉजिस्टना हे मुद्दाम सांगा, त्यावर औषध आहे. आणि कारण नसताना एकदम हसू किंवा रडू फुटत असेल तर तोही या आजाराचाच एक भाग असतो, तेही सांगा. दमणं वेगळं. त्यांना अर्ध्या तासाच्या कामाने आपल्या दिवसभराइतका थकवा येतो. अवघड गोष्टी सकाळी करा, दुपारी झोपू द्या.

कबुतराचं रक्त नको. त्याने काहीही होत नाही, आणि मालिशवाल्याच्या जोरकस हाताने खांदा जायचा धोका आहे. बुटाटीचं म्हणाल, तर श्रद्धा असेल आणि वहिनींची इच्छा असेल, त्यांनाच विचारा, तर जाऊन या. पण जाताना गोळ्या सोबत ठेवा आणि एकही चुकवू नका. मला खरी भीती दुसऱ्या झटक्याची आहे. ब्लड प्रेशरची, रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची गोळी ‘आता बरं आहे’ म्हणून किंवा कोणी दुसरं औषध दिलं म्हणून कधीही बंद करायची नाही. घरी बीपीचं मशीन घ्या, आकडे वहीत लिहा. बहुतेक रुग्णांत १३०/८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, वहिनींसाठी किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. नवीन काहीही अचानक झालं, चेहरा वाकडा, डावा हात गळाला, तोल गेला, सुस्त पडल्या, तर घड्याळात वेळ बघा आणि लगेच १०८.

मुलीला नोकरी सोडू देऊ नका. हे मी ठाम सांगते. हा प्रवास वर्षांचा आहे, त्यात घराला पगार लागेल, आणि तिलाही तिचं आयुष्य आहे. तिला दुसरं काम द्या. रोज रात्री ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करायचा, आणि तुमच्याशी नाही, आईशी बोलायचं. आई उत्तर देत नाही म्हणून मुलं बापाशीच बोलतात आणि आईच्या डोक्यावरून गप्पा होतात. तिने पुण्यातल्या आपल्या ताटाचा फोटो दाखवून विचारावं, ‘आई, यात काय कमी आहे?’ आणि मग थांबावं. महिन्यातून एक शनिवार-रविवार ती येणार असेल तर तेव्हा तुम्ही घराबाहेर पडा.

तुम्ही स्वतःचं बीपी शेवटचं कधी तपासलं? तुम्ही अठ्ठावन्नचे आहात आणि चौदा महिने सलग झोप झालेली नाही. दुकानात अर्धा दिवस परत घेतात का, विचारून पाहा. वहिनी शेजारणीसोबत दोन तास राहू शकल्या की तुम्ही जाऊ शकता. पैशासाठी जा, आणि दोन तास कोणाशी तरी धोतर-साडीबद्दल बोलायला मिळावं म्हणूनही जा.

आता त्या सकाळचं. खोटं सांगून मी तुम्हाला मोकळं करणार नाही, तुम्हालाही ते पटणार नाही. झटक्यात वेळेला किंमत असते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. लवकर पोचला असतात तर कदाचित फरक पडला असता. कदाचित पडलाही नसता. रक्तस्राव असेल तर ते इंजेक्शन देतच नाहीत, आणि गुठळी असून वेळेत दिलं तरी प्रत्येकाला त्याचा गुण येतो असं नाही. पण त्या सकाळी तुम्हाला हे माहीत नव्हतं. हात जड झाला तर लकवा असू शकतो हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. बायकोला बरं वाटावं म्हणून तुम्ही पडून राहायला सांगितलं. माणूस माहीत असूनही दुर्लक्ष करतो तेव्हा तो गुन्हा असतो. तुमचं तसं नव्हतं.

मला वाटतं, वहिनींच्या हातून सगळं काढून घेण्यामागे हीच सकाळ आहे. तुम्ही चौदा महिने फेड करताय. ती फेड वहिनींनी मागितलेली नाही. एक दिवस दुपारी, घरात कोणी नसताना, त्यांच्या डाव्या बाजूला बसा आणि त्यांना हे सांगा. मला सांगितलंत तसंच, त्याच शब्दांत. ही गोष्ट त्यांचीही आहे, आणि कदाचित त्यांना ती सकाळ आठवतही असेल. त्या कशा सुरात देवा म्हणतात ते मला आधी सांगता येणार नाही. पण तुम्ही एकट्याने ते सांभाळत बसू नका.

उद्या सकाळी भाजीचा ठेला गल्लीत आला की वहिनींना फाटकापाशी खुर्चीत बसवा. ठेलेवाल्याला सांगा, दोन मिनिटं उभा राहा. एका हातात वांगी, एका हातात भेंडी त्यांच्यासमोर धरा. दहापर्यंत मोजा. घाई झाली तरी परत दहा मोजा. त्यांनी जी दाखवली तीच घ्या, आणि किडकं वांगं त्यांनी बाजूला टाकलं तर ते परत टोपलीत घालू नका.

कोणती भाजी झाली, ते मला लिहून कळवा.